धक्काशोषक, मोटारगाडीचा

मोटारगाडीचे चाक व सांगाडा यांच्या दरम्यान बसविलेली आणि स्प्रिंगेची आंदोलने त्वरित शमविणारी प्रयुक्ती. व्यवहारात हिला शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात व दुरुस्तीच्या कारखान्यांतून ‘शॉकअप’, ‘शॉकॉप्सर’ ही तिची नावे रूढ आहेत. नाव काहीसे फसवे आहे. कारण रस्त्याचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग, धक्काशोषकाचे काम त्यानंतर सुरू होते. चाक, त्यास धरून ठेवणारे आर्म, स्प्रिंग व धक्काशोषक मिळून होणाऱ्या रचनेस निलंबन यंत्रणा किंवा सस्पेन्शन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पुढील चाकांच्या निलंबन यंत्रणेतील धक्काशोषक, तो जखडण्याची म्हणजे ‘जाम’ होण्याची कारणे आणि यंत्रणेची पुनर्जुळणी करताना घ्यावयाची दक्षता यांचा विचार केला असून उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांतील परिस्थिती घेतली आहे. [⟶ मोटारगाडी, स्प्रिंग].

कार्यतत्त्व : स्प्रिंग दाबली असता तिच्यात ऊर्जा साठते व दाब निघताच ती जवळजवळ पूर्णपणे परत मिळते. त्यामुळे केवळ स्प्रिंगांवर तोललेली गाडी एका खड्ड्यातून गेल्यावर बराच वेळ खालीवर हेलकावत राहील. धक्काशोषकात दट्ट्याच्या हालचालीबरोबर तेल अरुंद छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि हेलकाव्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊन ती हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून अर्धा तास चाललेल्या गाडीचा धक्काशोषक हाताला गरम लागतो तो यामुळेच. चारांपैकी एक थंड राहिला, तर त्याच्यातील तेल गेले आहे किंवा तो जखडला आहे, असा संशय घेण्यास हरकत नाही. कुशल मिस्त्री ही परीक्षा नेहमी करतात व तीस कोणतेही उपकरण लागत नाही.

तेलाचा विरोध वेगावर अवलंबून असतो, ही या प्रयुक्तीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. दट्ट्या सावकाश सरकविला तर विरोध अल्प असतो, झटक्याने सरकविला तर तो पुष्कळ वाढतो. धक्काशोषक गाडीचे वजन पेलत नाही; ते काम स्प्रिंगेचे. म्हणून सुस्थितीतील धक्काशोषक सावकाश लावलेल्या बलाला नेहमीच वाट देतो, जखडलेला मात्र कोणत्याच बलाला देत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक परीक्षा या एका भेदावर आधारलेल्या आहेत.

मोटारगाडीत दोन प्रकारची आंदोलने शमवावी लागतात. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदास सु. १ ते १·५ वेळा हेलकावतो, तर चाक व त्याचे आर्म यांची स्वाभाविक कंप्रता सेकंदास १० ते १५ इतकी असते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी सेकंदास सु. १६·७ मी. अंतर कापते. रस्त्यावर सु. १४ मी. अंतराने लांबट चढउतार असतील, तर सांगाड्याचे हेलकावे वाढत जातात. मुरमाच्या रस्त्यावर आडव्या वरंब्यांसारख्या लाटा उमटतात. त्या ०·८ मी. अंतरावर असल्या, तर ताशी ३६ किमी. वेगाला चाकास सेकंदाला १२·५ धक्के बसतात व चाक जमिनीवरून उड्या मारू लागते. जमीन सोडलेले चाक गाडी वळवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. धक्काशोषक ही केवळ सुखसोयीची वस्तू नसून गतिरोधक व सुकाणू यांच्या इतकीच सुरक्षिततेची वस्तू आहे, ती या कारणाने. रेल्वेच्या डब्यांखालील बोगींतही याच तत्त्वावरील तेलाचे शामक बसविलेले असतात. दौंड जंक्शनात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांजवळ ते फलाटावरूनही ओळखता येतात.

इतिहास : आरंभीच्या मोटारींत घोडागाडीप्रमाणे पट्ट्यांच्या स्प्रिंगा असत व पट्ट्यांचे एकमेकींवरील घर्षण हेच काय ते अवमंदन होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधील ट्रुफो व अमेरिकेतील एडवर्ड हार्टफर्ड यांच्या नावांनी ओळखला जाणारा घर्षण-धक्काशोषक प्रचारात आला. त्यात एकमेकींवर दाबून बसविलेल्या चकत्या असत. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मॉरिस हूदाय यांनी तेलात फिरणाऱ्या पात्यांचा धक्काशोषक तयार केला. इटलीतील लान्चिया कंपनीच्या १९२२ च्या लांब्डा या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकास स्वतंत्र निलंबन व त्यातच सामावलेला तेलाचा धक्काशोषक होता. पुढे दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे आतबाहेर सरकणारा प्रकार सर्वत्र रूढ झाला. तेलाबरोबर दाबाखालील वायू भरण्याची कल्पना १९५० नंतरच्या दशकात फ्रेंच अभियंते द कार्बाँ यांच्या प्रयत्नांनी व्यवहारात आली.

भारतात स्वातंत्र्यानंतरची बरीच वर्षे तीन गाड्यांचे प्राबल्य होते. महिंद्र कंपनीने १९४७ पासून जुळविलेल्या जीपमध्ये पुढेमागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ज्यांना कारखान्यांत ‘पाटे’ म्हणतात, व शेजारी सरकते धक्काशोषक असत. अँबॅसडरच्या बहुतेक नमुन्यांत पुढील बाजूस पीळ बसणाऱ्या पोलादी दांड्यांची स्प्रिंग होती. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाट ११०० व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकल्या जाणाऱ्या गाडीत वरखाली दोन आर्म, त्यांमध्ये मळसूत्री स्प्रिंग आणि सरकता धक्काशोषक अशी रचना होती. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० बरोबर मॅक्फर्सन पद्धतीचा खांब सर्वपरिचित झाला; यात धक्काशोषक हाच चाकाचा उभा आधार असतो व स्प्रिंग त्याच्याभोवती बसते. धक्काशोषकांचे भारतातील उत्पादन गेब्रियल इंडिया या १९६१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने प्रथमपासून केले. तिचा एक कारखाना शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यात चाकणजवळ आहे. खुद्द शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे फियाट व टाटा मोटर्स यांच्या संयुक्त कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. ज्या फियाटच्या पुढील चाकांवर या भागातील जुन्या मिस्त्रींचा हात बसला, त्याच नावाचा कारखाना पुढे त्यांच्या दारी आला, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

रचना : नेहमीच्या धक्काशोषकात एकात एक बसविलेल्या दोन नळ्या असतात. आतील नळीत तेल भरलेले असून तीत झडपा असलेला दट्ट्या सरकतो. बाहेरील नळी राखीव तेलाची असून तिच्या वरच्या भागात हवा किंवा अल्प दाबाचा वायू असतो. दट्ट्याचा दांडा आत शिरला की, त्याच्या आकारमानाइतके तेल तळाच्या झडपेतून बाहेरील नळीत जाते. दांड्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ, म्हणजे साधारणतः मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास जाडीचा कठीण लेप असतो व तो आरशासारखा गुळगुळीत केलेला असतो. दांडा बाहेर पडतो त्या ठिकाणी एक मार्गदर्शक बुश व तेल अडविणारे रबरी सील असते. धक्काशोषकाचे सारे आयुष्य या सीलवर व त्यावरून घासत जाणाऱ्या या लेपावर अवलंबून असते. झडपा अशा योजलेल्या असतात की, दांडा बाहेर ओढताना होणारा विरोध आत दाबताना होणाऱ्या विरोधाच्या साधारणपणे दुप्पट ते तिप्पट असावा. अन्यथा प्रत्येक उंचवट्याला गाडीस ठोसा बसेल.

एकाच नळीच्या प्रकारात तेलाखाली सरकता पडदा असून त्याखाली वातावरणाच्या सु. २० ते ३० पट दाबाचा वायू कोंडलेला असतो. असा धक्काशोषक दाबून सोडल्यास आपोआप लांब होतो. केवळ तेलाचा मात्र जेथे सोडावा तेथेच राहतो. वायूच्या प्रकाराची सवय झालेला मनुष्य तेलाच्या नव्या धक्काशोषकास ‘परत येत नाही, जाम आहे’ म्हणून नाकारतो, असे नेहमी घडते.

शिरूर व दौंड येथील परिस्थिती : हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. शिरूर शहर घोड नदीच्या काठी व पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्यावर आहे. दौंड भीमेच्या काठी असून पुणे–सोलापूर हमरस्ता याच तालुक्यातून यवत, पाटस, कुरकुंभ या गावांवरून जातो. शिरूरहून न्हावरे मार्गे चौफुल्याला येणारा रस्ता या दोन हमरस्त्यांना जोडतो. पाऊस कमी म्हणजे गंज कमी, असा समज सहज होईल. परंतु धक्काशोषकाच्या बाबतीत तो खरा नाही.

उन्हाळ्यात उडणारी बारीक धूळ तेलाचा ओशटपणा असलेल्या दांड्यावर बसते व सीलच्या ओठाशी साचून कानशीसारखे काम करते. नदीकाठच्या काळ्या जमिनीची माती पावसाळ्यात व पाटाच्या पाण्याने भिजली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे आकसते. त्यामुळे तिच्यावरून गेलेल्या रस्त्यांना लांब लाटा येतात. ही माती चिकट असून आर्म व धक्काशोषक यांच्या बेचक्यात बसली की, आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. बाहेरून पांढरीफटक वाळलेली दिसणारी चिखलाची खपली काढली असता खाली पत्रा गंजलेला आढळतो. उसाच्या हंगामात वाहनांची वर्दळ वाढते, शेतातील चारीवरून व बांधावरून गाड्या जातात आणि धक्काशोषक आपल्या सरकण्याच्या मर्यादेच्या टोकापर्यंत जाऊन आदळतात.

सर्वांत मोठे कारण मात्र चालणे नसून उभे राहणे हे आहे. वस्तीवरील जुनी जीप किंवा मोटार पुष्कळदा वर्षातील काही महिनेच वापरली जाते, उरलेला काळ ती झाडाखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला उभी असते. या काळात दांड्याचा जेवढा भाग बाहेर असतो तेवढ्यावरच गंज चढतो. दांडा एकाच जागी असल्याने दोष लक्षात येत नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर आली किंवा दुरुस्तीसाठी निलंबन यंत्रणा उघडली की, गंजलेला भाग बुशात शिरू पाहतो व अडकतो. रांजणगावचा महागणपती व भीमेपलीकडील सिद्धटेक करून दौंडमार्गे परतणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्यांत अशी एखादी, वर्षातून एकदा बाहेर काढलेली व माणसांनी भरलेली गाडी असते. तिच्या पुढच्या चाकांकडे निघण्यापूर्वी कोणी पाहिलेले नसते.

जखडण्याचे प्रकार : ‘शॉकअप जाम आहे’ या एका वाक्यात कारखान्यात चारपाच निरनिराळे दोष सामावलेले असतात आणि त्यांवरील उपाय एक नाही. पहिला दोष खुद्द धक्काशोषकाचा नसून त्याच्या जोडणीचा असतो. खालच्या कडीतील रबरी बुशाची पोलादी नळी तिच्यातून जाणाऱ्या बोल्टावर गंजून बसते, किंवा वरच्या टोकाचा नट आट्यांवर धरतो. धक्काशोषक उत्तम असतो, पण निघत नाही. नट व बोल्ट यांवर आदल्या दिवशीच गंज सोडविणारे तेल किंवा रॉकेल सोडून ठेवणे हा येथे खरा उपाय होय. दांड्याच्या टोकावरील चपट्या बाजू पान्ह्याने धरून नट फिरवावा. दांडा नटाबरोबर फिरू दिला, तर आतील दट्ट्या सैल होण्याचा संभव असतो. नट मुळीच हलत नसेल, तर त्यास उभा काप देऊन छिन्नीने फोडावा. बोल्ट कडी व ब्रॅकेट यांच्यामधील फटीतून करवतीने कापता येतो. बोल्टाची किंमत ब्रॅकेटपेक्षा नेहमीच कमी असते.

दुसरा प्रकार वर सांगितलेल्या दांड्याच्या गंजाचा. तिसऱ्यात दांडा वाकलेला किंवा बाहेरील नळी दगड लागून चेपलेली असते. गाडी पुढच्या चाकावर आदळली असल्यास हा दोष प्रथम पाहावा. चौथ्यात सील गेल्यामुळे तेल निघून जाते, पाणी व माती आत शिरते, दट्ट्या कोरडा घासतो व अखेरीस धरतो. बाहेरील नळीवर तेलाने भिजून काळी झालेली धूळ ही त्याची पूर्वसूचना असते. पाचवा दोष क्वचित आढळतो. त्यात जुन्या तेलाचा चिकट साका होऊन झडप बंद होते. असा धक्काशोषक जोराने दाबल्यास दगडासारखा लागतो, पण पुष्कळ वेळ भार ठेवल्यास किंचित सरकतो.

काढलेल्या धक्काशोषकाची परीक्षा : खालची कडी शेगड्यात धरून धक्काशोषक उभा ठेवावा. नळी शेगड्यात धरू नये, ती चेपते. दांडा पकडीने धरू नये. पकडीच्या दातांचा एक ओरखडासुद्धा पुढे सील कापतो. नंतर दांडा सावकाश पूर्ण बाहेर ओढावा व पूर्ण आत दाबावा. विरोध सर्वत्र सारखा, अखंड व ओढताना अधिक असावा. मध्येच काही अंतर विरोधच जाणवला नाही, तर आतील नळीत हवा शिरली आहे असे समजावे. भांडारात आडवा पडून राहिलेल्या नव्या धक्काशोषकातही असे होते. उभ्या स्थितीत पाचसहा वेळा पूर्ण ओढून दाबल्यावर हवा वर निघून जाते व दोष नाहीसा होतो. हे न करता बसविल्यास पहिल्याच खड्ड्यात खडखड ऐकू येते व निर्दोष वस्तूस दोष लागतो.

दांडा हाताने सरकत नसेल, तर लगेच निकाल देऊ नये. जड वाहनाचा चांगला धक्काशोषकही झटक्याला दाद देत नाही. केवळ तेलाच्या धक्काशोषकाच्या बाबतीत वरची कडी पक्क्या खुंटीला अडकवून खालच्या टोकास १०–१५ किग्रॅ. वजन टांगावे व काही मिनिटे थांबावे. तो सावकाश लांब होऊ लागला, तर तो जिवंत आहे. बहुधा सील चिकटले होते एवढेच. काही हेलकाव्यांनंतर त्याचे सरकणे सुरळीत होते. तो तसूभरही हलला नाही, तर तो जखडलेला आहे. दांड्यावरील गंज केवळ वरवरचा डाग असेल व मऊ कापडास तेल लावून पुसल्यावर जात असेल, तर धक्काशोषक काही काळ वापरता येईल. नख अडकेल असे खड्डे लागल्यास तो टाकून द्यावा. एमरी कागदाने घासून दांडा चकचकीत करण्याची पद्धत आढळते. तीमुळे उरलासुरला क्रोमियमचा लेप जातो आणि पुढच्या पावसाळ्यात सगळा दांडाच गंजतो.

पुनर्जुळणीतील मुख्य चूक : आर्म, बुश, बॉल जॉइंट इत्यादींचे काम पूर्ण झाल्यावर धक्काशोषक परत बसविण्याची वेळ येते. जखडलेला धक्काशोषक त्या वेळी अर्ध्या लांबीवर अडकलेला असतो व त्याची कडी ब्रॅकेटपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी खालच्या आर्मखाली जॅक लावून तो वर उचलावयाचा, भोके समोरासमोर आली की बोल्ट ठोकावयाचा व गाडी खाली सोडावयाची, हा मोह फार मोठा असतो. नवा जोड पुण्याच्या नाना पेठेतून आणावयाचा तर एक दिवस जाणार आणि गिऱ्हाईक दारात उभे असणार. परंतु अशा जुळणीत निलंबन यंत्रणा जखडलेल्या धक्काशोषकाच्या मापाने बांधली जाते. सांगाडा व चाक यांच्यामध्ये स्प्रिंगेऐवजी एक ताठ दांडी उभी राहते. जो ब्रॅकेट केवळ आंदोलने शमविण्यापुरते बल सोसण्यासाठी केलेला असतो, त्याच्यावर चाकाचा संपूर्ण आघात येतो; तो फाटतो किंवा सांगाड्याच्या पत्र्यातून उपटून निघतो. दुसऱ्या बाजूचे चाक मोकळे असल्याने गतिरोधक दाबताच गाडी एका बाजूस खेचली जाते. संध्याकाळी उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे अचानक थांबावे लागण्याचा प्रसंग या रस्त्यांवर नवा नाही. धक्काशोषक मुळीच नसलेली गाडी धोकादायकच असते, पण तिची स्प्रिंग तरी काम करीत असते व तिचे हेलकावे चालकास सावध करतात. एका बाजूला जखडलेला धक्काशोषक असलेली गाडी त्याहून वाईट. कारण उभी असताना ती स्थिर व टणक भासते आणि ‘आता गाडी कशी घट्ट बसली’ असे प्रशस्तिपत्रही मिळवून जाते.

दुसरी चूक ज्योतीची. न निघणारा नट किंवा न सरकणारा दांडा तापविण्यासाठी गॅसची ज्योत वापरली जाते. धक्काशोषक हे तेलाने व कधीकधी दाबाखालील वायूने भरलेले बंद भांडे आहे. तापविल्याने तेल प्रसरण पावते, त्याची वाफ होते, नळी फुटते व पेटलेले तेल काम करणाऱ्याच्या तोंडावर उडते. जेथे कापल्यावाचून गत्यंतर नाही तेथे करवतच वापरावी. बाहेरील नळीस भोक पाडून मिळेल ते इंजिनाचे जाड तेल भरावयाचे व भोक वितळजोडाने बुजवावयाचे, असाही एक उद्योग चालतो. असा धक्काशोषक हाताला कडक लागतो, पण त्यातील झडपा त्या श्यानतेच्या तेलासाठी केलेल्या नसतात आणि वितळजोडाच्या उष्णतेने सील करपलेले असते. थंडीच्या पहाटे तो जवळजवळ जखडल्यासारखा, तर भर दुपारी ढिला वागतो.

जुळणीचा क्रम : गाडी पक्क्या जमिनीवर, मागील चाकांना अटकाव लावून उभी करावी. काळ्या मातीत जॅक खचतो. त्याखाली जाड लाकडी फळी घालावी व सांगाडा घोडीवर टेकवावा. दगड व विटा यांचा टेकू वर्ज्य समजावा. मळसूत्री स्प्रिंग असलेल्या गाड्यांत ही दक्षता दुपटीने पाळावी लागते. ६०० किग्रॅ. भाराखाली १० सेंमी. दबलेल्या स्प्रिंगेत सु. ३०० जूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे १० किग्रॅ. वजन ३ मी. उंचीवरून पडल्यास जेवढी असेल तेवढी. काही रचनांत चाक खाली लोंबण्याची मर्यादा धक्काशोषकच ठरवितो. तेथे तो सोडविताच आर्म खाली झेपावतो व स्प्रिंग सुटून उडते. म्हणून धक्काशोषक काढताना व घालताना, दोन्ही वेळी, खालच्या आर्मखाली जॅक असलाच पाहिजे. मॅक्फर्सन खांबाच्या वरचा मधला नट स्प्रिंग दाबणाऱ्या शिकंज्यात धरल्याशिवाय कधीही सोडवू नये.

एका आसावरील दोन्ही धक्काशोषक एकदमच बदलावेत. एक नवा व एक झिजलेला असल्यास दोन्ही बाजूंचे अवमंदन भिन्न होते. नव्याची दबलेली व पूर्ण ताणलेली लांबी जुन्याशी ताडून पाहावी. जुना जखडलेला असल्यास ही मापे त्याच्यावरून मिळत नाहीत, तेव्हा ती दुसऱ्या बाजूच्या धक्काशोषकावरून किंवा निर्मात्याच्या पुस्तिकेवरून घ्यावीत. वायूच्या धक्काशोषकास बांधलेला पट्टा तो जागेवर गेल्यावरच कापावा. वरच्या टोकाला वाटीसारखा वायसर, रबर, सांगाड्याचा पत्रा, पुन्हा रबर व वायसर हा क्रम असतो. नट रबर किंचित फुगून वाटीच्या कडेशी येईपर्यंत आवळावा. त्याहून अधिक आवळल्यास रबर चिरते, कमी आवळल्यास ठकठक आवाज येतो.

खालचा बोल्ट प्रथम हातानेच बसवावा. शक्य तेथे स्प्रिंग घालण्यापूर्वी आर्म जॅकने अगदी वरपासून अगदी खालपर्यंत नेऊन पाहावा. दोन्ही टोकांस आर्म रबरी अटकावास टेकला पाहिजे. त्याआधी धक्काशोषक संपता कामा नये व त्याची नळी कोठेही घासता कामा नये. हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात व पुनर्जुळणीतील कोणतीही पाच मिनिटे याहून अधिक सत्कारणी लागत नाहीत. चाके घालून गाडी जमिनीवर उतरवावी, थोडी पुढेमागे ढकलावी आणि गाडीचे वजन चाकांवर असतानाच आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट अखेरचे आवळावेत. चाक लोंबत असताना ते आवळले, तर गाडी उभी राहताच रबरास कायमचा पीळ बसतो व नवे बुश काही महिन्यांत फाटतात. दुपाखी पिना व स्वयंरोधी नट जुने वापरू नयेत. शेवटी पुढच्या चाकांची दिशा तपासून घ्यावी. [⟶ सुकाणू यंत्रणा].

पाट्यांच्या जीपमध्ये काम बरेच सोपे असते, कारण धक्काशोषक स्प्रिंगेच्या बाहेर व मोकळा असतो. तो काढल्याने काही सुटून उडत नाही. या सोपेपणामुळेच त्याची उपेक्षा होते. पाट्यांच्या आपसांतील घर्षणाने काही अवमंदन होतच असल्याने धक्काशोषक काढून टाकूनही जीप वर्षानुवर्षे चालविलेल्या आढळतात. भारलेल्या जीपच्या पुढच्या चाकांना लाटांच्या रस्त्यावर जी थरथर सुटते, ती पुष्कळदा या कारणाने असते व दोष मात्र सुकाणू यंत्रणेत शोधला जातो.

जुळणीनंतर गाडीच्या पुढील कोपऱ्यावर जोराने दाब देऊन हात काढावा. गाडी वर येऊन एकदा खाली जाऊन स्थिरावली पाहिजे. ती दोनतीन वेळा हेलकावल्यास अवमंदन अपुरे आहे; मुळी दबलीच नाही, तर काही तरी जखडलेले आहे. दोन्ही बाजूंस ही परीक्षा करून चालण्यातील फरक पाहावा. सु. १०० किमी. प्रवासानंतर सर्व नट पुन्हा तपासावेत व दोन्ही नळ्यांना हात लावून त्या सारख्याच गरम आहेत याची खात्री करून घ्यावी.

टाकाऊ धक्काशोषकांची विल्हेवाट : काढलेल्या प्रत्येक नळीत थोडे तरी तेल असते. ते कारखान्यामागील ओढ्यात ओतल्यास पावसाबरोबर घोड किंवा भीमा यांच्या पात्रात जाते. ते डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्यांकडे द्यावे. वायूचा धक्काशोषक भंगारात देण्यापूर्वी निर्मात्याने दाखविलेल्या जागी, डोळ्यांस चष्मा लावून व वर कापड टाकून, बारीक भोक पाडून दाब घालवावा व नळीवर खडूने खूण करावी. भंगाराच्या वखारीत लोखंड गॅसने कापतात आणि तेथे काम करणाऱ्यास कोणती नळी भरलेली आहे हे बाहेरून ओळखता येत नाही.